हाकेचे शब्द

“आणि ते तुला कळलं कधी?”

बाईसांचा प्रश्न साधाच होता, पण केतकी दचकली. हल्ली ती कशानंही दचकायची. भांडं पडलं तरी, मागून कुणी नाव घेतलं तरी.

“पाठवताना,” ती म्हणाली. “बोट बटणावर होतं.”

“काय चुकलं होतं?”

“कॉलेजचं नाव. निबंध पुण्याच्या कॉलेजसाठी होता, आणि आत नाव पडलं होतं बंगळूरच्या कॉलेजचं.”

“मग बदललंस?”

“बदललं ना. पण बदलून पुन्हा वाचला, तर निबंधाला काही झालंच नव्हतं, बाईसा. एक शब्द इकडचा तिकडे करावा लागला नाही. म्हटलं, इथं आपल्या गावच्या दूध डेअरीचं नाव घातलं तरी चालेल की.”

कोपऱ्यात झोळीला ठिगळ लावत बसलेल्या मंदाबाई खुदकन हसल्या.

“डेअरीवाले तं घेतीनच तुले. पानी घालाची सवय दिसून राह्यली.”

केतकीला हसू आलं नाही.

शाळेत असताना निबंध म्हटलं की ढोक्यांची केतकी, हे गावात ठरून गेलेलं होतं. विषय कुठलाही द्या, बक्षीस तिचंच. तिलाही ते माहीत होतं आणि तिच्या चालण्याबोलण्यात ते थोडं दिसायचंही. मग ती शहरातल्या मोठ्या कॉलेजात गेली, वसतिगृहात राहिली, आणि वर्षभरानं मे महिन्याच्या सुट्टीत परत आली ती अशी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसणारी. दुसऱ्या वर्षाला तिला ते कॉलेज सोडून दुसरीकडे जायचं होतं. पाच कॉलेजांकडे अर्ज होते. पाचही जण तेच विचारत होते, तिथून का निघताय आणि इथं का येताय. आणि पाचही निबंध, कितीही उलटसुलट करून लिहिले, तरी एकाच आईची लेकरं दिसत होती.

म्हणून ती आश्रमात आली होती. संन्यास घेण्याआधी बाईसा गावच्या शाळेत मराठी शिकवत. केतकीची आई त्यांच्याच हाताखाली शिकलेली. आता त्या आणि त्यांच्या शिष्या मंदाबाई, दोघीच गावाबाहेरच्या दोन खोल्यांत राहत. आश्रमात चूल नव्हती. दुपारी भिक्षेत जे येईल ते, आणि तेवढंच.

“मला एवढंच सांगा,” केतकी म्हणाली, “तेच तेच न वाटता कसं लिहायचं? शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाचही पाठवायचेत. परवाच आला शुक्रवार.”

“नाही घेतलं कुणीच, तर?”

“तर जूनमध्ये जुन्या कॉलेजात परत.”

“मग जा.”

“जाणार नाही.”

“पण जावं लागलं तर?”

उत्तर केतकीजवळ होतं. पण ते तोंडातून बाहेर काढायचं म्हटलं की तिचा हात आपोआप तोंडावर जाई. असली उत्तरं एकदा बोलून टाकली की आपल्याच मागे मागे फिरतात, असं तिला वाटायचं...

बाईसांनी पुन्हा विचारलं नाही.

“निबंध आणलेस?”

“पाचही. छापून.”

“ठेव त्या कोनाड्यात. उद्या मंदाबरोबर भिक्षेला जा.”

“मी? बाईसा, परवा शुक्रवार आहे.”

“म्हणून उद्या गाव जेवायचं थांबलंय का?”

*

दुसऱ्या दिवशी ऊन असं होतं की कुत्रीसुद्धा मोरीबाहेरच्या ओल्या मातीत पोट टेकून पडली होती. मंदाबाई पुढे, खांद्याला झोळी. केतकी मागे, खांद्याला दुसरी.

“डोये उंबऱ्यावर ठेवाचे,” मंदाबाई चालता चालता सांगत होत्या. “दाराकडं पाह्याचं नाही. घरात तं नाहीच नाही. कडी वाजवाची नाही. म्हनाचं, ‘भिक्षा वाढा, माय.’ आन् थांबाचं. कोनी आलं तं आलं. नाही आलं तं पुढं.”

“सगळ्या घरी हेच म्हणायचं?”

“मंग काय, घरागनिक नवं गानं म्हनू?”

“थोडं बदललं तर...”

“बदलून पाह्यलं म्या, नवीन होती तवा. बाया दार लावून घेत. त्याईले वाटे, काही विकाले आली.”

पहिल्या घरापाशी मंदाबाईंनी तिला पुढे केलं. केतकीनं उंबऱ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. घसा होता, हवा होती, शब्दही होते, पण मधेच कुठंतरी वाट बुजली होती.

इतक्यात आतून कडी वाजली. केतकी दोन पावलं मागे उडाली, ती सरळ मंदाबाईंच्या पायावर.

“माय वं. कडीले एवढं दचकते का कोनी? वाघ हाय काय आत?”

आतून एक म्हातारी भाकर घेऊन आली, दोघींकडे आळीपाळीनं पाहून गेली. मंदाबाई पाय चोळत राहिल्या.

“तू त्या आळीनं जाय,” शेवटी त्या म्हणाल्या. “म्या या आळीनं जातो. संगं राह्यली तं माये पाय फोडशीन.”

एकटी पडल्यावर केतकीनं तेच केलं जे तिला येत होतं. नियम मोडून तिनं घराकडे पाहिलं. अंगणात चुन्याची रांगोळी होती. ती हळू, गोड आवाजात म्हणाली, “काकू, इतकी सुरेख रांगोळी ज्या घरी, त्या घरचं अन्न किती गोड असेल.” काकू हसत आल्या आणि वाटीभर शिरा दिला. पुढच्या घरी पाळणा हलत होता, तिथं ती बाळाला उदंड आयुष्य चिंतून बोलली. त्याच्या पुढच्या घरी नवा ट्रॅक्टर होता, त्याच्या पुढे बोगनवेल, त्याच्या पुढे दारावर मुलाच्या नोकरीच्या अभिनंदनाचा फलक. घरागणिक वाक्य नवं. एकदा म्हटलेला शब्द तिनं दुसऱ्यांदा वापरला नाही.

झोळी भरली. डब्यांवर डबे बसेनात. परतताना तिची पावलं, वर्षभरात पहिल्यांदाच, थोडी शाळेतल्या केतकीसारखी पडत होती.

*

बाईसांनी लाकडी काठवट पुढे ओढली. केतकी एकेक डबा उघडून सांगू लागली, हे वरण, हे पिठलं, ही वांग्याची भाजी, हा शिरा. हा आमरस.

बाईसांनी भाकऱ्या कुस्करल्या. त्यावर वरण ओतलं. पिठलं घातलं. भाजी घातली, शिरा घातला. आणि सगळ्यावर रस ओतला.

“बाईसा, रस...”

“त्याच्याकडं नोको पाहू,” मंदाबाई म्हणाल्या. “पह्यल्या वर्षी म्या रडली होती.”

बाईसांनी तांब्यातलं पाणी घातलं आणि सगळं एक कालवलं. आश्रमात असंच जेवायची रीत होती. रंग कुठलाच उरला नाही.

“शिरा कुणाकडचा होता?” कालवता कालवता त्यांनी विचारलं.

“ते... निळ्या दाराचं घर. नाही, निळं दार ट्रॅक्टरवाल्यांचं.”

“वाढायला कोण आलं होतं?”

“एक काकू.”

“कशा होत्या?”

केतकीला आठवेना. काकूंची रांगोळी आठवत होती, ठिपक्यांसकट. काकू आठवत नव्हत्या. ट्रॅक्टरवाल्यांकडून कोण आलं होतं तेही नाही. पाळण्यातलं बाळ मुलगा होता की मुलगी...

“तू काय काय बोललीस, ते आठवतं?”

“हो. शब्दन्‌शब्द.”

बाईसांनी तिच्या पुढ्यात तिचा वाटा ठेवला. केतकीनं घास घेतला. तो न गोड होता, न तिखट, न आंबट. सगळी घरं एकदमच तोंडात आली आणि एकाचीही चव लागली नाही. तिला आपले पाच निबंध आठवले आणि घास गिळवेना.

*

ऊन उतरल्यावर तीच म्हणाली, “बाईसा, माझ्या निबंधांचं काय?”

“वाच.”

“तुम्हीच बघता का? लाल पेन आणलंय मी.”

“अक्षर दिसून वर्ष होऊन गेलं, पोरी. तुझं तोंडसुद्धा मला उजेडात एक डाग दिसतं. वाच तू.”

निबंध इंग्रजीत होते. ती मराठी करून वाचू लागली. पुण्याचा, बंगळूरचा, मग दिल्लीकडचा. एकात सुरुवात आजोबांच्या शेतातल्या विहिरीपासून होती, एकात विज्ञान प्रदर्शनापासून, एकात सरळ प्रश्नानंच. तिनं किती कष्ट घेतले होते ते ऐकणाऱ्याला कळत होतं. बाईसा डोळे मिटून बसल्या होत्या. पाचवा संपला तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

केतकीला वाटलं, झोप लागली.

“पहिल्यात काय लिहिलंस?” बाईसा म्हणाल्या. “विद्यार्थ्याचं म्हणणं...”

“‘जिथे प्रत्येक विद्यार्थ्याचं म्हणणं ऐकून घेतलं जातं.’”

“आणि दुसऱ्यात?”

“‘तुमच्याकडची संवादाची परंपरा.’”

“तिसऱ्यात?”

“‘जिथे शेवटच्या बाकावरचा आवाजही...’”

ती थांबली. चौथ्या निबंधाचा कागद तिनं उलटून पाहिला. मग पाचव्याचा. तिथंही होतं. वेगळे कपडे घालून, वेगळा भांग पाडून, पण तेच होतं.

“कुणी ऐकलं नाही तुझं?” बाईसांनी विचारलं.

“तसं काही नाही. असंच लिहायचं असतं त्यात. त्यांना आवडतं.”

बाईसांनी कान तिच्याकडे केला.

“खरंच. नेटवर सगळ्यांचे असेच असतात.”

मंदाबाईंची सुई तेवढी झोळीतून आत जात होती, बाहेर येत होती.

“दिवाळीची सुट्टी लागली होती,” केतकी म्हणाली.

मग ती कागद वाचल्यासारखी, एका सुरात बोलली.

“दुपार होती. सगळ्या घरी निघाल्या होत्या. मी अंघोळीला गेले. तिसऱ्या मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला. बाहेरून कुणीतरी कडी लावली. मुद्दाम की चुकून, मला माहीत नाही. अजून माहीत नाही.

“मी म्हटलं, दार उघडा. पुष्कळदा म्हटलं. बाहेर बॅगांची चाकं वाजत होती. एकीच्या मागे एक. मग दोघी थांबल्या दाराशी. एक म्हणाली, आत कुणीतरी आहे गं. दुसरी म्हणाली, मघापासून तेच तेच चाललंय तिचं, रील करत असेल. आणि चाकं निघून गेली.”

“मग?”

“मग मी शब्द बदलले. म्हटलं, तेच तेच ऐकून त्यांना खोटं वाटत असेल. हिंदीत म्हटलं, इंग्रजीत म्हटलं. एकेकीचं नाव घेतलं. विनोद करून पाहिला. गाणंसुद्धा म्हटलं, बाईसा. काहीतरी वेगळं कानावर पडलं तर एखादी थांबेल...”

“थांबली?”

“सकाळी झाडूवाल्या मावशी आल्या.”

“तेव्हा काय म्हणत होतीस?”

“काहीच नाही. तेव्हा आवाज राहिला नव्हता.”

“आईला सांगितलंस?”

“सांगितलं, बाथरूमची कडी लागली होती. ती म्हणाली, मग उघडली ना?”

मंदाबाईंची सुई थांबली होती.

“मी रोज विचार करते,” केतकी म्हणाली. “दुसरं काहीतरी म्हणायला हवं होतं मी. काहीतरी एक बरोबर वाक्य असणार, जे ऐकलं असतं तर त्या थांबल्या असत्या. ते मला सुचलं नाही. जिल्ह्यात पहिली आलेली मी, आणि मला सुचलं नाही... आता पाच निबंधांत पण सुचत नाहीये.”

तिला वाटलं, आता बाईसा डोक्यावरून हात फिरवतील. काहीतरी बोलतील, जे घेऊन घरी जाता येईल.

बाईसा म्हणाल्या, “उद्या एकटीच जा भिक्षेला. एकाच घरी.”

*

“आश्रमाच्या मागच्या उतारावरून खाली गेलीस की खालची आळी. तिच्यातलं शेवटचं घर. शब्द तेच. दुसरा एकही नाही.”

“आणि कुणी आलं नाही, तर पुढं जायचं ना?”

“पुढं घर नाही.”

शुक्रवार होता. घरी टेबलावर लॅपटॉप उघडाच ठेवून ती आली होती. नावं तपासली होती, पाचही बरोबर होती. संध्याकाळी बटण दाबायचं की नाही एवढंच उरलं होतं, आणि दाबलं काय, न दाबलं काय, त्यात आता तिला फरक दिसत नव्हता. तरी ती उतारावरून खाली गेली. दुसरीकडे कुठं जायचं, ते सुचत नव्हतं म्हणून.

शेवटचं घर मातीचं, बुटकं. ती उंबऱ्यापाशी उभी राहिली. आज तिनं डोळे उंबऱ्यावरच ठेवले. उंबऱ्यावर मुंग्यांची रांग होती.

“भिक्षा वाढा, माय.”

मुंग्यांनासुद्धा ऐकू गेलं नसेल.

समोरच्या ओट्यावर एक बाई कुरडयांचा चीक घालत होती. कापडावर एक गोल, मग शेजारी दुसरा गोल. तिनं मान वर केली.

“जोरानं म्हन वं पोट्टी. या उन्हात देवबी आडवा झाला असन.”

“भिक्षा वाढा, माय.”

आत हालचाल नाही. केतकी थांबली. ऊन डोक्यातून मानेत उतरलं. तिनं पुन्हा म्हटलं. पुन्हा थांबली. पुन्हा म्हटलं. जिभेवर किती तरी वाक्यं येऊन उभी राहिली होती. आजी, पाणी तरी द्या. आजी, मला बाईसांनी पाठवलंय. आजी, उन्हात उभी आहे हो मी. एकाहून एक चांगली होती. तिनं ती गिळली.

“भिक्षा वाढा, माय.”

“टेप अटकली काय तुयी?” ओट्यावरची बाई म्हणाली. “मंघापासून थेच थे चालू हाय.”

केतकीनं मान खाली घातली. एवढे तास, एवढे महिने, आणि एवढ्या लांब, ह्या आळीतसुद्धा कुणीतरी हेच म्हणायला बसलेलं होतं.

“अवं, वरतं पाह्य न जरा,” बाई म्हणाली, आता थोडी नरमाईनं. “कुलूप हाय त्याले.”

केतकीनं मान वर केली. जुन्या घराचं दार. कडी वर, चौकटीच्या माथ्याशी. कडीत गंजलेलं कुलूप.

“बुढी पोरीकडं गेली नागपूरले. होळीपासून नाही ते घरी.”

“मग... मघाशी का नाही सांगितलं?”

“मले काय ठाऊक. वाटलं, काही व्रत असन तुयं.”

केतकी उंबऱ्याशेजारी मातीतच बसली.

म्हणजे बाईसांना माहीत होतं. गावातलं कुठलं घर उघडं आणि कुठलं बंद, हे त्यांना माहीत नसणार? आत कुणी नाही अशा दारापाशी त्यांनी तिला उभं केलं होतं, आणि वर शब्दसुद्धा बदलायचा नाही म्हणून सांगितलं होतं. ह्यात काय शिकायचं होतं? हे तर तिला येत होतं. ह्यात तिचा हात कुणी धरला नसता.

पुण्याचं कॉलेज, बंगळूरचं, दिल्लीकडचं. तिथंही बहुतेक असंच कुलूप असेल, चौकटीच्या माथ्याशी, मान वर केल्याशिवाय न दिसणारं. आणि आपण खाली बसून वाक्यं घासतोय. विहीर घालू की विज्ञान प्रदर्शन...

मग जून. तो जिना. तो तिसरा मजला, ते व्हरांड्याचं टोक. “जाणार नाही” असं ती बाईसांना म्हणाली होती तेव्हा कुठं जाणार नाही ते म्हणाली होती. कुठं जाईल, ते म्हणाली नव्हती. ते आता इथं, ह्या उन्हात, अगदी जवळ येऊन बसलं. त्याचा तिला धाक वाटेना, आणि त्यानंच ती जास्त घाबरली.

तिनं तोंड उघडलं.

“भिक्षा वाढा, माय.”

ही हाक त्या घराला नव्हती. घरात कुणी नव्हतंच. समोरच्या बाईला नव्हती. भाकरीसाठी नव्हती. कुणाला होती ते तिला ठाऊक नव्हतं, पण ती तिच्या घशातून निघाली नाही, खालून, पार खालून निघाली, आणि आळीतल्या भिंतींवर आपटली.

बाईचा हात चीक घालता घालता थांबला.

“भिक्षा वाढा, माय.”

“अवं, कुलूप हाय म्हनलं न...”

“भिक्षा वाढा, माय.”

ती उभी राहिली नाही. बसल्या जागेवरून, गुडघे पोटाशी धरून ती हाक मारत राहिली. आवाज चिरला, तरी तेच. डोळ्यांतून पाणी येऊन तोंडात गेलं, तरी तेच. शब्द चांगले आहेत की वाईट, कुणाला कंटाळा येतोय की कुणी हसतंय, हे पाहायला तिच्यात कुणी उरलंच नव्हतं. बाई उठून उभी राहिली, काय करावं ते न कळून हात पदराला पुसत. वरच्या घरातलं एक दार किलकिलं झालं. केतकीनं तिकडे पाहिलं नाही.

“भिक्षा वाढा, माय... भिक्षा वाढा...”

“आले गं.”

आवाज उतारावरून आला.

केतकीचा आवाज तुटला. तिनं मान वळवली.

बाईसा होत्या. गुडघे आखडल्यापासून आश्रमाच्या अंगणापलीकडे कधी न गेलेल्या बाईसा. पायांत काही नव्हतं आणि खाली तापलेला मुरूम होता. एक हात काठीवर, दुसरा भिंतीवर. मंदाबाई बरोबर नव्हत्या. भिंत संपली तिथं हात हवेत राहिला. मग त्यांनी काठी पुढे टाकली, डावीकडे टाकली, आणि चुकीच्या बाजूला, गोठ्याच्या दिशेनं, दोन पावलं गेल्या.

केतकी बघत राहिली. समोरच्या बाईनं तोंडावर पदर धरला.

आळीत आता काहीच आवाज नव्हता. बाईसा थांबल्या. त्यांनी मान एकीकडे वळवली, मग दुसरीकडे. कान लावून वाट पाहिली...

“थांबलीस कशाला?” त्या म्हणाल्या. “मी अजून पोचले नाही.”